ओलांदिना वहिनींचं वाक्य

बूट काढून चटईवर टेकायला अगापितोला दोघांचे हात धरावे लागले. गुडघे अलीकडे मुळीच ऐकत नव्हते. बायकांच्या घोळक्यातून लगेच कुणीतरी म्हणालंच,

“दिलीच्या खुर्च्यांनी काकांची मांडी मोडली गं बाई.”

“मांडी कसली, पोट आडवं येतंय,” दुसरी म्हणाली आणि हशा पिकला.

अगापितोही हसला. राजधानी दिलीहून पहाटेच गाडी काढून तो आला होता, आणि गावात शिरल्यापासून त्याचा जो मानपान चालला होता तो त्याला मनापासून आवडत होता. का आवडू नये? सबंध डोंगरातून देशाची घटना लिहायला गेलेला तो एकटाच माणूस. शाळेच्या भिंतीवर अजून त्याचा फोटो आहे. पावसाने नाकाजवळ पोपडा धरला आहे, पण आहे.

चटई कालपासून पसरलेली होती. आमच्याकडे भांडणाची चटई एकदा पसरली की निकाल लागल्याशिवाय गुंडाळत नाहीत, मग मका शेतात वाळून जाईना का. चटईच्या एका कडेला मार्सेलिना मान खाली घालून बसली होती. तिचा नवरा कॉफीच्या पोत्यांचा ट्रक उलटून गेला, त्याला वर्ष झालं. मांडीवर धाकटी झोपली होती, थोरली पाठीला चिकटून होती. समोरच्या कडेला तिचा दीर सातुर्निनो. देवळामागचं घर आणि खालची कॉफीची बाग त्याला हवी होती. मुलगा नसलेल्या विधवेने नवऱ्याचं घर धाकट्या भावाला सोडायचं ही जुनी रीत, आणि तो ती रीत मागत होता.

सातुर्निनो काही वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. भावाला खांदा देऊन आला तेव्हा दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता. पण तीन पोरं घेऊन सासऱ्याच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात घराशिवाय दुसरं काय येणार?

लोइ-माउ आजोबांनी घसा साफ केला. ते आमचे बोलाचे धनी. कुणाचा कोण, कुणी कुणाला काय शब्द दिला, सगळं त्यांच्या तोंडात. डोळे गेले तरी आवाज अजून खणखणीत आहे.

“यात नवीन काही नाही,” ते म्हणाले. “काल सांगितलं तेच आज सांगतो. नवरा मेला म्हणून बाईला तिच्या घरातून कुणी काढायचं नाही. देशाच्या मोठ्या पुस्तकात तसं लिहिलंय. आपल्या अगापितोनेच लिहिलंय. तेव्हापासून या डोंगरात एकही बाई घराबाहेर पडली नाही.”

आपलं नाव ऐकून अगापितोच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, ते तिथेच थिजलं. ते पुस्तक त्याला जवळजवळ पाठ होतं. असलं वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

“आजोबा, तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही,” सातुर्निनो म्हणाला. “पण लिहिणारे काकाच समोर बसलेत. त्यांच्या तोंडून एकदा ऐकू द्या. तेवढ्यासाठीच तर त्यांना बोलावून घेतलंय मी. काका, तुम्ही हो म्हणा, मी या घराचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही म्हणा, तर आमच्या रीतीने होऊ द्या.”

सगळ्यांनी अगापितोकडे पाहिलं. मार्सेलिनाने मात्र पाहिलं नाही. ती चटईची सुटलेली पाती बोटाला गुंडाळत राहिली.

बावीस वर्षांपूर्वी अगापितो याच अंगणात उभा होता. परदेशी फौज जाता जाता निम्मा देश जाळून गेली होती. छपरांच्या जागी ताडपत्र्या होत्या. निवडून आलेली माणसं गावोगाव फिरून विचारत होती, नव्या देशाच्या घटनेत काय असावं? पुरुषांनी रस्ता मागितला, नळ मागितला, शाळा मागितली. सगळ्यात शेवटी ओलांदिना वहिनी उठल्या. अगापितोच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लढाईत मारला गेला, तेव्हा या भावांच्या चुलत्याने वहिनींना दोन पोरींसकट घराबाहेर काढलं होतं. त्या कॉफी वाळवायच्या छपराखाली जाऊन राहिल्या, त्या कायमच्याच. अगापितो तेव्हा जंगलात लढत होता, हे खरं. पण परत आल्यावरही त्याने चुलत्यासमोर तोंड उघडलं नाही, हेही खरंच. वहिनींनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “नवरा मेला म्हणून बाईला तिच्या घरातून कुणी काढायचं नाही, एवढं लिहा,” आणि खाली बसल्या.

दिलीला त्याने ते वाक्य सोबत्यांपुढे ठेवलं. ते म्हणाले, अहो, बाई आणि पुरुष समान, असं कलम आपण घालतोच आहोत, त्यात हे आलंच. घरोघरची भांडणं घटनेत घातली तर तिचं गाठोडं होईल. बारीकसारीक पुढे कायद्यात बघू. बोलणं चुकीचं नव्हतं. अगापितोला ते पटलंही. आणि त्याचा जीव तर दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. तरुणपणी त्याने एक स्वातंत्र्य जाहीर होताना पाहिलं होतं आणि शाई वाळायच्या आत ते बुडताना पाहिलं होतं. या वेळी तसं होता कामा नये. सहा वर्षं घटनेला कुणी हात लावायचा नाही, नंतरही दोन तृतीयांश हात वर झाल्याशिवाय काना-मात्रा बदलायची नाही, यासाठी तो सगळ्यांत जास्त भांडला. घसा बसेपर्यंत भांडला.

मग गावी येऊन, विडा हातात घेऊन, वहिनींना म्हणाला होता, “आत्ता नाही जमलं. सहा वर्षांनी पुस्तक उघडू तेव्हा पहिलं वाक्य तुमचं.”

मनापासून म्हणाला होता. सहा वर्षं झाली तेव्हा देशात नुकत्याच गोळ्या चालल्या होत्या, पुस्तक उघडायची कुणाची छाती नव्हती. पुढच्या सहा वर्षांनी पक्षांचं आपसात जमेना. त्यानंतर अगापितोच घरी बसला. शाळा-कॉलेजांतून भाषणाला बोलावत, तेव्हा तो अभिमानाने सांगे, “एक अक्षर हललेलं नाही!” पोरं टाळ्या वाजवीत. वहिनींचं वाक्य त्याच्या मनातून कधी निघून गेलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

आणि आता ते असं समोर येऊन बसलं होतं. आमच्या डोंगरात विड्यावर दिलेला शब्द म्हणजे झालेलं काम. भोळ्या बाईने तसंच धरलं असणार, त्याला वाटलं. तिने लोइ-माउंना सांगितलं, लोइ-माउंनी सगळ्या डोंगराला.

ओलांदिना वहिनी खांबाला टेकून पान चघळत होत्या. चेहऱ्यावर काळजीची रेघ नव्हती. त्या रडल्या असत्या, हात जोडले असते, तर बरं झालं असतं.

“सांगा ना भावजी,” त्या म्हणाल्या. “मुहूर्त बघताय का?”

कुणीतरी हसलं. अगापितोने पुढ्यातला विडा उचलून बोटांत फिरवला. या पुस्तकात आपल्या सोयीचं वाक्य घुसवू पाहणाऱ्या भल्याभल्यांना त्याने तोंडावर सुनावलं होतं. एका मंत्र्याशी तर तो कायमचा बोलायचा थांबला. खरं सांगायला एकच शब्द लागत होता. तो बोलला की संध्याकाळपर्यंत मार्सेलिनाची चूल अंगणात आली असती. आणि मग ज्या ज्या बायका आजवर घरात राहिल्या, त्यांच्याही दिरांना तो शब्द ऐकू गेला असता. धाकटी पोर झोपेत कुशीवर वळली. मार्सेलिनाने हाताने तिचं डोकं सावरलं.

“आहे,” अगापितो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, “आहे. तसंच लिहिलंय.”

सातुर्निनो उठला. मग पुढे आला, वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं, आजोबांच्याही हाताचं घेतलं.

“झालं तर मग,” तो मार्सेलिनाकडे वळून म्हणाला. “वहिनी, उद्या येऊन कौलं बघून जाईन. त्या कोपऱ्यात गळतंय.”

चटई गुंडाळली. कोंबडी कापली, मका-भोपळा शिजला, ताडीचा कॅन फिरला. सातुर्निनो जेवायला थांबला नाही. तिन्ही पोरांना पुढे घालून उतारावरून जाताना तो दिसला. सगळ्यात धाकटा मागे वळून वळून देवळामागच्या घराकडे पाहत होता. त्याला बहुधा आधीच ‘आपलं घर’ म्हणून सांगून ठेवलं असावं. अगापितोने ताट तसंच बाजूला सारलं. भूक नाही, वाटेत खाल्लं, असं काहीबाही तो बोलला.

गाडीपर्यंत पोचवायला ओलांदिना वहिनी निघाल्या. त्या काठी टेकत पुढे, तो मागे. ड्रायव्हर काच पुसत होता.

“मघाशी फार वेळ लावलात, भावजी,” वहिनी म्हणाल्या. “जीव नुसता खाली-वर झाला माझा. म्हटलं, खरं बोलतात की काय हे!”

अगापितो जागच्या जागी थांबला.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पुस्तक छापून आलं तेव्हाच फादरकडून वाचून घेतलं. दोनदा. पहिल्यांदा वाटलं, त्यांनी एखादं पान गाळलं.”

“मग लोकांना तुम्ही…”

“मग काय करू? तुम्ही सांगून गेलात, सहा वर्षं थांबा. पलीकडच्या वस्तीतल्या त्या इमाकुलादाला त्याच आठवड्यात अंगणात काढून बसवलं होतं. अंगावर पिणारं पोर. तिला जाऊन सांगू, थांब गं बाई सहा वर्षं? लोइ-माउंना म्हटलं, भावजींनी घातलंय वाक्य. तुमचं नाव घेतल्यावर कुणाची टाप होती विचारायची.”

अगापितोला रागवावंसं वाटलं. बाईने आपल्या नावावर इतकी वर्षं देशाची घटना बदलून ठेवली होती! पण राग वर येईना. वर आलं ते भलतंच, हसू, आणि त्याला ओठ दाबून धरावे लागले.

“मला नाही कुणी कळवलं,” तो कसाबसा म्हणाला.

“तुम्ही तरी कुठे विचारलंत? बावीस वर्षांत?”

त्या हे टोचून बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं सांगितलं. आता उतारावर वारा सुटला होता आणि त्यांची शाल सारखी काठीत अडकत होती. अगापितोने ती सोडवून दिली.

“दार सैल ठेवलं असतं, वहिनी, तर उद्या कुणीही आत शिरला असता,” तो म्हणाला. “आपण काय काय पाहिलंय, तुम्हाला सांगायला नको.”

“म्हणून तर घट्ट लावलंत ते बरं केलंत. मी कधी नाव ठेवलं नाही.” वहिनींनी तोंडातलं पान बाजूला थुंकलं. “पण लावायच्या आधी आम्हाला आत घ्यायचं होतंत.”

ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं. अगापितो आत बसेपर्यंत वहिनी वळून निम्मा चढ चढून गेल्या होत्या.