मुकादमीण

सुताराच्या परसात मोजक्याच कोंबड्या होत्या, पण राज्य एकीचं होतं. तिला घरात सगळे मुकादमीण म्हणत. दाण्याच्या भांड्याशी आधी ती, पाण्याशी आधी ती, खुराड्यातल्या वरच्या दांडीवरही आधी ती. बाकीच्यांनी तिचं आटपेपर्यंत मुकाट उभं राहायचं. एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं, कोंबड्यांतही मानपान असतोच. पण ही हात धुऊन भुरी नावाच्या एका गरीब कोंबडीच्या मागे लागली होती. भुरी दाण्याजवळ आली रे आली की हिची चोच तिच्या पाठीत. उपटून उपटून भुरीची पाठ उघडी पडली, आणि रक्त दिसलं की बाकीच्याही चोच मारून घ्यायच्या.

सुतार काय करायचा? भुरीला उचलायचा, जखमेवर जांभळं औषध लावायचा आणि आपल्या कामाच्या शेडमध्ये नेऊन ठेवायचा. तिच्यासाठी त्यानं जाळीचा पिंजरा केला होता, सांधा न सांधा चपखल, खाली लाकडाच्या भुशाची गादी. जखम भरली की भुरी परत परसात. परत गेली की पहिल्यापेक्षा जास्त मार. सुतार म्हणायचा, हिचं नशीबच फुटकं. मुकादमिणीला बोट लावायचं त्याच्या मनातही यायचं नाही. ती रोज अंडं द्यायची, खाडा म्हणून माहीत नाही. मग तिच्या वाटेला कोण जाणार?

घरातही तेच चाललं होतं आणि ते त्याला दिसत नव्हतं. म्हणजे कसलं दिसत नव्हतं, ढळढळीत दिसत होतं. तो कानाडोळा करत होता. बायको गेली तेव्हा थोरली शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं दप्तर ठेवलं आणि स्वयंपाकघर हातात घेतलं. चहा वेळेवर, धुणं वेळेवर, गिऱ्हाइकांचे फोनसुद्धा तीच घ्यायची. आणि धाकट्या बहिणीला जीव नकोसा करायचीही तीच. धाकटीनं केस विंचरले तर नटवी, नाही विंचरले तर गबाळी. परवा तर कहरच झाला. धाकटी शाळेतून उशिरा आली म्हणून थोरलीनं तिच्या पुढ्यातलं ताट उचललं. घास पोरीच्या हातात तसाच राहिला. सुतार समोरच जेवत होता. तो मूग गिळून बसला, पोटभर जेवला, हात धुतले आणि मुलींच्या मावशीला फोन लावला.

प्रत्येक भांडणानंतर धाकटीची मावशीकडे रवानगी करायची, अशी त्या घरची रीतच झाली होती. तिकडून आली की बिचारी पाहुण्यासारखी वावरायची, आपला टॉवेल कुठे वाळत घालू हेसुद्धा विचारायची. झाली का मजा मारून, एवढंच थोरली म्हणायची. या वेळी मावशीच वैतागली. म्हणाली, ही ने-आण पुरे झाली, तिला कायमचीच माझ्याकडे द्या, इथल्या शाळेत घालू. सुतार हो म्हणून बसला. रविवारी मावशी न्यायला येणार होती. धाकटी रडली नाही, भांडली नाही. सुट्टीत इथे आलेलं चालेल ना, असं तिनं विचारलं. बाप हो म्हणाला आणि शेडमध्ये निघून गेला.

शनिवारी शेजारच्या शिवणकाकू मोडक्या पायाची खुर्ची घेऊन शेडमध्ये आल्या. कपडे शिवायच्या म्हणून शिवणकाकू. माहेरी त्यांच्या कोंबड्याच कोंबड्या होत्या. तोंडानं फटकळ. पिंजऱ्यात भुरीला बघून म्हणाल्या, हिनं काय गुन्हा केला? सुतारानं सगळं सांगितलं, पिंजऱ्याचे सांधेही कौतुकानं दाखवले. काकूंनी कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही भलतीच कोंबडी कोंडलीत. मार खाणारीला बाहेर काढलं की बाकीच्या तिला विसरतात. परत जाते ती परकी होऊन, मग सगळ्याच तुटून पडतात. काढायचं ते मारणारीला. थोडे दिवस राहू दे एकटी. परत येईल तेव्हा तिची तिला जागा शोधू दे."

सुतार चाचरत म्हणाला, पण अंडी तीच देते.

"म्हणून बाकीच्यांनी मार खायचा?" काकू म्हणाल्या, आणि खुर्ची ठेवून निघून गेल्या.

सुतारानं रंधा हातात घेतला, परत खाली ठेवला. त्याला लाज वाटली, आणि ती कोंबड्यांपायी नव्हती. दिवसभर घर चालवते म्हणून थोरलीला दुखवायची त्याला भीती होती, आणि त्या भीतीची किंमत धाकटी भरत होती. त्यानं भुरीला परसात सोडलं, फडफडणाऱ्या मुकादमिणीला आणून पिंजऱ्यात घातलं आणि हात न धुताच घरात गेला.

थोरली खाटेवर बसून धाकटीची पिशवी भरत होती. फ्रॉकची घडी इतकी नीट, की दुकानात ठेवावी.

"ती कुठे जाणार नाही," सुतार म्हणाला. "उद्या मावशीबरोबर तू जा."

थोरलीचा हात थांबला. घर कोण बघणार, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, आम्ही दोघं बघू, करपलेलं खाऊ. मग एका दमात बोलून टाकलं, कारण थांबला असता तर धीर सुटला असता.

"तू तिचं ताट उचललंस ते वाईट केलंस. मी गप्प जेवत राहिलो ते त्याहून वाईट."

आता ही भांडी आपटणार, तुमच्यासाठी हाडाची काडं केली म्हणणार, अशी त्याची खात्री होती. तसं काही झालं नाही. थोरली खाटेवरून खाली सरकली आणि जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. आई गेली त्या दिवशीही ती रडली नव्हती, आल्यागेल्यांना चहा करत होती.

"दर वेळी हिची पिशवी मी भरायचे, बाबा," ती म्हणाली. "दर वेळी वाटायचं, आज तरी तुम्ही म्हणाल, हिला राहू दे, तू जा."

सुतार शिक्षा करायला आला होता आणि पोरीनं तीच इतकी वर्षं मनात मागितली होती. तो तिच्याशेजारी खाली बसला.

धाकटी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत आली, पिशवीतले आपले कपडे काढून खाटेवर ठेवले आणि कपाट उघडलं.

"ताई," तिनं विचारलं, "तुझे कुठले भरू?"