लॅथमचा खांदा

"नुसती औपचारिकता आहे, मिसेस पावलाक," मिसेस फेल्ड म्हणाल्या आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. "स्कॅन तुम्हीच केला होता, त्यामुळे फाइल उघडणं तुमचं कामच होतं. फक्त शेवटची ओळ वाचा आणि सही करा."

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : या रुग्णाविषयीची कोणतीही माहिती मी कामाबाहेर कोणालाही दिलेली नाही.

मार्लीनने ती ओळ दोनदा वाचली. एकतीस वर्षं ती या रुग्णालयात एमआरआयच्या यंत्रावर होती. वाचल्याशिवाय सही न करण्याची तिची सवय सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून मिसेस फेल्ड शांतपणे थांबल्या. मग मार्लीनने सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"खरं तर माणूस सापडलाय," कागद फाइलीत ठेवत मिसेस फेल्ड म्हणाल्या. रुग्णांची गुप्तता सांभाळण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. "फाइल कुणी कुणी उघडली ते कंप्युटर लिहून ठेवतो. दोन डॉक्टर, तुम्ही, आणि चौथं नाव स्वागतकक्षातल्या कर्टिस टॉलिव्हरचं. त्याचं काय काम होतं तिथं? विचारल्यावर लगेच कबूल झाला. म्हणे, राहवलं नाही."

"बाहेर सांगितल्याचंही कबूल केलं?"

"ते नाही म्हणतो. पण मग रेडिओवर बातमी काय उडत गेली?"

बातमी सोमवारी सकाळी फुटली होती. वेस लॅथमचा उजवा खांदा आतून फाटलाय, असं खेळाच्या कार्यक्रमात सांगितलं गेलं, आणि वर, रुग्णालयातूनच कळलंय, असंही. लॅथम शहराच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातातून सुटते तो. गेल्या हंगामात सतरापैकी अकरा सामने हरले होते आणि अकराही शहराने त्याच्याच नावावर मांडले होते. जानेवारी ते ऑगस्ट सामने नसतात, पण खरी वादावादी तेव्हाच चालते. याला ठेवायचा, दुसऱ्या संघाला द्यायचा, की एप्रिलमध्ये कॉलेजातला नवा मुलगा निवडायचा? दक्षिणेतला एक संघ लॅथमला घ्यायला तयार होता. सोमवारी संध्याकाळी त्यांनी हात आखडता घेतला. आता तो कुणालाच नको होता.

मार्लीन लिफ्टने न जाता जिन्याने खाली आली.

मार्लीन बोलली होती ती त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांचे दिवस होते. शुक्रवारी मांस नाही, म्हणून पॅरिशच्या, म्हणजे वस्तीतल्या चर्चच्या हॉलमध्ये पाच वाजल्यापासून मासे तळले जातात आणि सगळी वस्ती लांब टेबलांवर येऊन बसते. कोलस्लॉचं, म्हणजे कोबीच्या कोशिंबिरीचं पातेलं वर्षानुवर्षं मार्लीनकडे. रांग ओसरल्यावर आपलं ताट घेऊन ती थोरल्या भावाच्या, गेरीच्या टेबलाशी गेली. गेरी बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. त्याच्याबरोबर डेपोतलेच तिघे मित्र.

"भित्रा आहे तो," माशावर लिंबू पिळत गेरी म्हणत होता. "नोव्हेंबरपासून एकदा तरी लांब फेकला त्यानं? आपलं दहा पावलांवर, दहा पावलांवर. माझी सासू याहून लांब फेकेल, आणि तिला जाऊन सहा वर्षं झाली."

"एप्रिलमध्ये पोरं निवडताना पाचवा नंबर आपला आहे," एक मित्र म्हणाला. "एखादं ताजं पोरगं उचला आणि याला पाठवा दक्षिणेत ऊन खायला."

"ताजं पोरगं आणून काय करणार?" मार्लीन म्हणाली. "त्याच्या पुढचे पाच जण धड अडवत नाहीत. चेंडू हातात आल्यापासून अडीच सेकंदांत अंगावर माणूस येतो. आधी ते पाच बदला. मी मोजलंय."

"मोजलंय!" गेरी मित्रांकडे वळला. "ऐकलं का रे? आमच्या बाईसाहेब घड्याळ लावून मॅच बघतात."

सगळे हसले. हे हसणं तिला चाळीस वर्षं तोंडपाठ होतं. वडील गेल्यावर स्टेडियममधली त्यांची कायमची जागा गेरीला मिळाली आणि स्वयंपाकघरातला रेडिओ मार्लीनला. त्या रेडिओवर आणि नंतर टीव्हीवर तिने एकही सामना चुकवला नव्हता. नोव्हेंबरातच ती म्हणाली होती, फेकताना त्याचं कोपर खाली येतंय, खांद्याचं काहीतरी बिघडलंय. गेरी म्हणाला होता, "मार्ली, तू तुझी बटणं दाब."

आणि जानेवारीत लॅथम स्वतः रुग्णालयात आला होता. सकाळी सहाला, मागच्या दाराने, टोपी डोळ्यांवर ओढून. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा लहान वाटला, सव्वीस वर्षांचा, ओठ फुटलेले. चाळीस मिनिटं हलायचं नाही, असं तिने सांगितलं आणि तो हलला नाही. उठल्यावर उजवा हात जॅकेटच्या बाहीत जाईना, तेव्हा तिने जॅकेट धरलं. "थँक यू, मॅम," तो म्हणाला. एवढंच.

"नाटकी आहे," गेरी पुढे बोलतच होता. "कॅमेरा समोर आला की खांदा चोळायचा."

मार्लीनने काटा खाली ठेवला.

"ज्या खांद्याने तो दोन महिने फेकत होता ना, गेरी, तसा तुझा असता तर हे ताट तुला उचललं नसतं. सांध्याच्या खोबणीची वरची कड सुटलीय. मी पाहिलंय."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच चारही पुरुष ती आणखी काय बोलते याची वाट पाहत होते. आणि ती बोलली. कागदी रुमालावर पेनने एक गोल काढला, त्याला घड्याळाचे आकडे दिले आणि दहापासून दोनपर्यंत रेघ जाड करून दाखवली. "इथून इथपर्यंत," ती म्हणाली. गेरीने रुमाल हातात घेऊन पाहिला, आणि हसला नाही.

त्या रात्री तिला छान झोप लागली होती. आता जिना उतरताना नेमकं तेच आठवलं.

खाली स्वागतकक्षात कर्टिस आपलं सामान खोक्यात भरत होता. कप, चष्म्याचं घर, संघाच्या रंगातलं छोटं प्लॅस्टिकचं हेल्मेट. सुरक्षारक्षक बाजूला उभा होता आणि त्याच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होता. बावीस वर्षं कर्टिस आणि मार्लीनने सकाळची कॉफी एकत्र प्यायली होती. सोमवारी कॉफीबरोबर कालच्या मॅचची चिरफाड असायची.

"निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती माझी," कर्टिस म्हणाला. "आणि गेलो कशापायी, तर राखाडी ढग बघण्यापायी. मार्लीन, तुझी ती चित्रं मला काय कळणार? रिपोर्ट लिहिलेलाच नव्हता तेव्हा. मी आपला बघतोय, ढग, ढग, मग आणखी ढग. बंद केली फाइल आणि सँडविच खाल्लं."

तिला हसू यायला हवं होतं.

"चूक केली, नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण बाहेर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुला खरं वाटतं ना?"

"वाटतं," मार्लीन म्हणाली.

"तू एकटीच तसं म्हणालीस बघ," कर्टिस म्हणाला, आणि खोकं एका हातावर पेलून त्याने दुसऱ्या हाताने तिचा खांदा थोपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमात कुणीतरी फोन करून कर्टिसचं नावच सांगून टाकलं. संध्याकाळी पुन्हा शुक्रवार, पुन्हा मासे. मार्लीन पातेल्यामागे उभी होती. रांगेत तेच नाव चाललं होतं. कुणी म्हणत होतं, त्याने दक्षिणेतल्या संघालाच खबर दिली असणार. कुणी म्हणत होतं, असल्या माणसाला शहरात राहू देऊ नये. हीच माणसं आठवड्यापूर्वी लॅथमला पाठवा म्हणत होती.

गेरी ताट घेऊन आला आणि पातेल्यावर वाकला.

"तू काळजी करू नकोस, मार्ली," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही चौघं तुझं नाव काढणार नाही. मी आपलं न्हाव्याकडे सहज बोललो होतो, तिथून गेलं ते. पण आता त्यांना माणूस मिळालाय. विषय संपला."

"तो माणूस कर्टिस आहे, गेरी. माझ्या घरी जेवायला आलाय तो. तूही होतास."

"मग त्याने फाइल उघडायची नव्हती." गेरीने ताट पुढे केलं. "आणि ऐक. कोपराचं तू नोव्हेंबरातच म्हणाली होतीस. मानलं तुला."

हे एक वाक्य ऐकायला ती चाळीस वर्षं थांबली होती. तिने त्याच्या ताटात कोलस्लॉ वाढला. चमचा पातेल्यात ठेवला, ॲप्रन सोडून त्याची घडी केली आणि पुढची रांग तशीच टाकून ती घरी गेली.

सोमवारी मिसेस फेल्डचं दार उघडायच्या आधीच ती बाहेर उभी होती.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "पॅरिशच्या हॉलमध्ये, पाच जणांच्या टेबलावर. चित्रही काढून दाखवलं."

मिसेस फेल्डनी कोट काढायला घेतला होता, तो अर्धा तसाच राहिला. "पण तुम्ही सही केलीत."

"वाचून केली."

"का सांगितलंत, मिसेस पावलाक? तुम्ही? तुमच्याबद्दल आजवर एक तक्रार नाही."

"ते त्याला भित्रा म्हणत होते. मला त्याची..." मार्लीन थांबली. दहा दिवस ती स्वतःलाही हेच सांगत होती. "नाही. हे खरं नाही. ते म्हणत होते, पण मी त्याच्यासाठी नाही बोलले. पडद्यावर ती फाटलेली कड दिसली ना, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते, मी बरोबर होते. पोराला हात बाहीत घालता येत नव्हता आणि मला हे आलं मनात. मग ते सात आठवडे पोटात राहिलं, आणि भावापुढे राहवलं नाही."

मिसेस फेल्डनी कोट खुर्चीवर टाकला. मग त्यांनी कोरा कागद काढला. "लेखी द्यावं लागेल. परिणाम तुम्हाला ठाऊक आहेत."

"आणि कर्टिस?"

"विनाकारण फाइल उघडली त्याला ताकीद असते. कामावरून काढलं ते बातमीमुळे. वरचे ठरवतील, पण या कागदानंतर त्यांना त्याला बोलवावंच लागेल, असं मला वाटतं."

मार्लीनने सगळं लिहिलं. तारीख, वार, टेबलावरच्या माणसांची नावं, न्हावी. एकतीस वर्षांची सवय, काही सुटू दिलं नाही. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने कागदावर ठेवलं.

कर्टिसचं घर टेकडीच्या बाजूला होतं. मार्चअखेरचं ऊन पडलं होतं आणि कडेचं घाण झालेलं बर्फ पाघळत होतं. तो गॅरेजच्या दारापुढे, हातात ब्रश घेऊन उभा होता. दारावर कुणीतरी लाल रंगाने दोन दोन फुटांच्या अक्षरांत 'गद्दार' लिहून ठेवलं होतं. पहिली दोन अक्षरं त्याने पांढऱ्याने झाकली होती.

ती गाडीतून उतरली आणि तिथेच, फाटकाजवळ उभी राहून तिने सांगितलं. ऐकताना त्याचा ब्रश चालूच होता. ती संपल्यावर थांबला.

"त्या दिवशी मी तुला विचारलं, तुला खरं वाटतं ना," तो म्हणाला. "तू म्हणालीस, वाटतं."

"हो."

"वाटत नव्हतं. माहीत होतं."

"हो."

"माझी बायको शुक्रवारपासून दुकानात गेली नाही, मार्लीन. काल चर्चमध्येही मागच्या बाकावर बसली."

माफी मागायची मार्लीनने येताना गाडीत तयारी केली होती. आता ते शब्द काढले तर उलट त्यालाच तिला माफ करावं लागेल, हे तिच्या लक्षात आलं, म्हणून तिने ते काढले नाहीत. "फेल्डबाई बोलावतील तुला," एवढंच म्हणाली. "मी सगळं लिहून दिलंय."

कर्टिसने ब्रश डब्याच्या काठावर पुसला. शेजारच्या घराकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून, बावीस वर्षं कॉफीच्या वेळी विचारायचा तसंच विचारलं, "एक सांगशील? आता काय, सगळ्यांना माहीतच आहे. तू प्रत्यक्ष पाहिलंयस. सप्टेंबरपर्यंत फेकू शकेल का गं पोरगा? मला फक्त एवढंच हवं होतं. तेवढ्यासाठीच उघडली मी ती फाइल."

त्याचं उत्तर तिला माहीत होतं, बरंचसं नक्की.

"ते मला सांगता येणार नाही, कर्टिस," ती म्हणाली.

कर्टिसने एकदा मान हलवली आणि दाराकडे वळला.

"दुसरा ब्रश आहे?" तिने विचारलं.

"आहे," कर्टिस म्हणाला. "पण हे माझं मी करतो."

ती फाटकाशीच थांबली. कर्टिसने उरलेलं अक्षरही झाकलं. रंग ओला होता तोवर दार कोरं दिसत होतं. उन्हात तो वाळायला लागला तशी पांढऱ्याखालून अक्षरं पुन्हा फिकट लाल उमटू लागली. कर्टिसने डबा काठीने ढवळला, पहिल्या अक्षराशी गेला आणि दुसरा हात द्यायला लागला.