मुलं मंडळात का येत नाहीत

चंद्रहास देवस्थळी ओमानमधल्या रुसैलच्या एका केबल कारखान्यात खरेदी विभाग सांभाळत. कुठल्याही सप्लायरला ते हां हां म्हणता गुंडाळत, पण "मुलगी काय शिकते?" या प्रश्नावर मात्र त्यांची गाडी अडायची. मधुवंती पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करत होती. तेवढं सांगितलं की समोरचा "अरे वा, समाजसेवा!" म्हणायचा, आणि आठवड्याभरात त्यांच्या बौशरच्या फ्लॅटवर जुन्या कपड्यांची पिशवी येऊन पडायची.

"पण पुढे काय?" सुट्टीत आलेल्या लेकीला ते रोज विचारत.

"सर्व्हे करणाऱ्या संस्था असतात, एचआर असतं, शहरं आखणाऱ्यांना माणसं लागतात, शिकवता येतं."

"म्हणजे नक्की काहीच नाही."

"बाबा, नक्की तर तुमच्या तांब्याचा भावही नसतो."

चंद्रहास तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. कार्यक्रमांना मोठी माणसं लोटायची, शाळकरी मुलं मात्र फिरकत नसत. दर बैठकीत मोबाइलला शिव्या घालून चहा व्हायचा आणि विषय खलास. या खेपेला त्यांनी मुलं का येत नाहीत हे शोधायचं काम मधुवंतीवर सोपवलं. पोरीचा वेळ जाईल आणि दोष मोबाइलचाच, हे शास्त्राच्या शिक्क्यानिशी सिद्ध होईल, असा त्यांचा हिशेब.

मधुवंती मुलांबरोबर मॉलमध्ये बसली, त्यांचे बास्केटबॉलचे सामने पाहून आली.

"आज काय संशोधन?" चंद्रहास विचारायचे.

"शवर्मा खाल्ला."

शेवटी कार्यकारिणी त्यांच्याच हॉलमध्ये जमली. मधुवंती म्हणाली, "मुलांना कार्यक्रम आवडतात. मराठी बोलायची धास्ती वाटते. चुकलं की मोठे हसतात, आणि वर माइकवरून सगळ्यांना ऐकवतात."

"कोण हसतं?" चंद्रहास गरजले. "अशा माणसाला समज द्यायला हवी!"

कार्यकारिणीतल्या अस्मिताताई कपात बघू लागल्या. मधुवंतीच्या आईने, नयनाताईंनी, नवऱ्यापुढे चिवड्याची बशी उगाच सरकवली.

"नाव सांगता येत नाही, बाबा. मुलांना तसं वचन दिलंय."

"अगं, पण अध्यक्ष या नात्याने..."

"अध्यक्षांना तर मुळीच नाही."

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गेल्या दिवाळीला मूळच्या रत्नागिरीच्या नूरुद्दीनभाईंची हिबा स्टेजवर "माझा आजी आला" म्हणाली होती. चंद्रहासनी तिच्याकडून तेच वाक्य पुन्हा पुन्हा वदवून घेतलं होतं. हॉल खो खो हसला. आपण पोरीचं कौतुकच केलं, असं ते इतके दिवस समजत होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परतताना ते नूरुद्दीनभाईंच्या दुकानात शिरले. हिबा गल्ल्यामागे अभ्यास करत होती.

"हिबा, त्या दिवशी मी हसलो, ते चुकलं माझं."

"इट्स ओके, अंकल," हिबा वहीतून मान वर न काढता म्हणाली. ओके काही नव्हतं, हे त्यांनाही कळलं.

तेवढ्यात एक ओमानी बाई दुकानात आल्या. ओळखीच्या होत्या, म्हणून चंद्रहासनी ऐटीत अरबीतून खुशाली विचारली, "कैफ हालक?"

हिबा फिस्सकन हसली. "अंकल, हालक बॉयला म्हणतात! लेडीजना हालिश!"

"म्हणजे वीस वर्षं मी सगळ्या बायकांना..."

"हो!" आता ती पोट धरून हसत होती. बाईही ओढणीआड हसल्या. चंद्रहासचे कान लाल झाले, पण मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला हिबा आली, तीही दोन मैत्रिणींना घेऊन.

अस्मिताताईंची कंपनी बागा आणि रस्ते आखून द्यायची. त्यांनी मधुवंतीला विचारलं, "बौशरला आम्ही केलेल्या एका बागेत संध्याकाळी कोणी टेकतच नाही. का, ते शोधशील?" एम.ए. झाल्यावर ती त्यांच्याकडे रुजू झाली.

पहिल्याच आठवड्यात चंद्रहास लेकीसाठी थर्मास घेऊन बागेत पोचले. चहा देऊन परतायचं सोडून ते समोरच्या बाकाजवळ उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारू लागले, "भाईसाब, आप इधर क्यों नहीं बैठते?" लोक घाबरून पलीकडच्या वाटेने जायला लागले.

"बाबा," मधुवंती हात जोडून म्हणाली, "तुम्ही गाडीत बसा बघू."

ते गाडीत जाऊन बसले. काच मात्र खालीच ठेवली.