ओहोटीची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. सागाची, आठ हात लांब आणि अंगभर डांबर माखलेली. माझ्यावरून कोण गेले ते मला वजनावरून कळते. डोक्यावर मासळीची पाटी असलेली बाई टाच दाबून चालते. मुले धावत जातात, तेव्हा मी मधोमध लवते. आणि एक वजन असे आहे की ते मी हजारांत ओळखीन. त्याचीच ही गोष्ट आहे.

ठाण्याजवळ कोलशेतला खाडीच्या काठी काळूराम सुताराने मला घडवले. गोमाजी कोळ्याच्या होडीसाठी. धक्क्यावरून होडीत चढायला आणि मासळी उतरवायला फळी लागते. काळूराम मला सहा हातांवर कापायला निघाला होता, तेवढेच लाकूड वाचले असते. गोमाजीने त्याचा हात धरला.

"भरतीला कुठलीपण फळी चालते, काळूराम," तो म्हणाला. "ओहोटीला लांबच लागते."

हे नीट समजून घ्या, कारण पुढे सगळे यावरच आहे. खाडीचे पाणी भरले की होडी धक्क्याच्या बरोबरीला येते आणि फळी जवळजवळ आडवी राहते. पाणी उतरले की होडी खाली जाते. मग आखूड फळी शिडीसारखी उभी होते आणि पाटी घेतलेली बाई तिच्यावरून घसरते. लांब फळीचा चढ मात्र सोसण्याजोगा राहतो. म्हणून गोमाजीने मला आठ हात ठेवले. पाय घसरू नये म्हणून माझ्या अंगावर जागोजागी काथ्याची दोरी आडवी ठोकली. त्याचा आणखी एक नेम होता. फळी घेतल्याशिवाय होडी सोडायची नाही, मग जायचे समोरच्या काठाला का असेना.

गोमाजीची नात मंजुळा. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि तिचे दोन्ही पाय लुळे पडले. गोमाजी तिला पाठीवर घेऊन माझ्यावरून होडीत न्यायचा. एकाच माणसाच्या पावलांत दोघांचे वजन असायचे. मला ते फार आवडायचे. तिला आवडत होते की नाही, हे तेव्हा कुणी विचारले नाही.

१९८३ साली एका शिबिरात तिला चाकांची खुर्ची मिळाली. मंजुळा तेव्हा आठ वर्षांची होती. गावच्या शाळेला दोन पायऱ्या होत्या, आणि दोनच पायऱ्यांपाशी खुर्ची थांबायची. मग गोमाजी मोडीत निघालेल्या होडीच्या दोन फळ्या घेऊन आला आणि माझ्या दोन्ही बाजूंना जोडल्या. मी रुंद झाले. होडीसाठी त्याने दुसरी फळी केली आणि मी शाळेत गेले. मित्रांनो, शाळेत दाखल झालेली फळी तुम्ही पाहिली नसेल!

पहिल्याच दिवशी एक चूक झाली. माझ्या अंगावरची दोरी गोमाजीने तशीच ठेवली होती. पायांना ती आधार देते, पण चाकांना तीच दोरी म्हणजे दहा अडथळे. खुर्ची टकटक उडत वर गेली. वर पोचल्यावर मंजुळा म्हणाली, "आजोबा, माझे दात पडतील." वर्ग हसला. गोमाजीही हसला, आणि त्याच दुपारी त्याने दोऱ्या उपटल्या. ओल्या डांबरावर खाडीची वाळू पसरून माझे अंग खरखरीत केले. मग खुर्ची घसरतही नव्हती आणि उडतही नव्हती.

शाळेच्या विनिफ्रेड बाई मला रोज दाराआड उभी करून ठेवायच्या. त्या इतर मुलांना सांगत, "ही फळी म्हणजे मंजुळाच्या चपला आहेत. कुणाच्या चपला लपवायच्या नसतात." तरी मुले मला घसरगुंडी करायचीच. मी तक्रार केली नाही.

चार-पाच वर्षे माझे कौतुक झाले. मग मंजुळा ठाण्याच्या हायस्कुलात गेली. तिथे वर्ग पहिल्या मजल्यावर होते. मजल्याला फळी कशी पुरणार? गोमाजी पुन्हा तिला पाठीवर घेऊन चढू लागला. मी घरामागे जाळ्यांच्या ढिगाखाली पडून राहिले. माझ्यावर कोंबड्या बसत. संध्याकाळी मंजुळा तिथे जाळी विणायला यायची. एकदा ती आईला हळूच म्हणाली, "आजोबांना वाटतं मी हलकी आहे. मला रोज वाटतं, मी मासळीची पाटी आहे." गोमाजीने हे ऐकले नाही. मी ऐकले.

अशी वर्षे गेली. मंजुळा दहावी झाली, बारावी झाली, टायपिंग शिकली. १९९५ साली आपल्या देशात अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. विनिफ्रेड बाई आता निवृत्त झाल्या होत्या. त्या त्याची प्रत घेऊन कोलशेतला आल्या आणि अंगणात बसून त्यांनी समजावून सांगितले. समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि पूर्ण सहभाग, ही त्याची तीन वचने. सरकारी नोकऱ्यांत काही जागा राखीव. सार्वजनिक इमारतींना चाकांच्या खुर्चीसाठी उतार करावेत, असेही त्यात होते. फक्त ते ऐपतीच्या मर्यादेत करायचे होते.

"सरकारची ऐपत नसंल, तर माझी हाय," गोमाजी म्हणाला. "माझ्याकडं फळी हाय."

मंजुळाने एका सरकारी कचेरीत लिपिकाच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीचे पत्र आले. बाई आधीच जाऊन कचेरी पाहून आल्या. तिथे तीन पायऱ्या होत्या. बाईंनी कायद्याचा दाखला देऊन अर्ज दिला, आणि आश्चर्य म्हणजे पंधरा दिवसांत तिथे सिमेंटचा उतार बांधला गेला. सगळ्यांना आनंद झाला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी खुर्ची न्यायला टेंपो आला. गोमाजीने मला जाळ्यांखालून ओढून काढले.

"काय हो आजोबा," मंजुळा वैतागली. "तिकडे उतार बांधलाय. लोक हसतील ना."

"हसूंदे. फळीबिगर होडी सोडायची नाय," तो म्हणाला आणि मी टेंपोत चढले.

कचेरीच्या दारात महिपत नावाचे तरुण इंजिनियर उभे होते. तो उतार त्यांनीच बांधला होता. गुळगुळीत, नवा कोरा. पण लांबी जेमतेम तीन हात! समोर कर्मचाऱ्यांच्या स्कूटरी लागत, त्यांची जागा जाऊ नये म्हणून तो एवढ्यातच संपवला होता. मंजुळाने चाके फिरवली. निम्म्यावर खुर्ची मागे कलली. गोमाजीने ती झेलली नसती, तर तिचे डोके जमिनीवर आपटले असते.

शिपाई रतन धावत आला. भला माणूस होता. म्हणाला, "अहो, उचलून घेऊ की. दोन मिनिटांचं काम आहे."

गोमाजी सवयीने वाकला. मंजुळाने त्याच्या छातीवर हात ठेवला.

"नको, आजोबा. आत साहेब विचारतील, रोज कशी येणार? तुम्ही उचलून नेलंत, तर मी काय उत्तर देऊ?"

गोमाजी सरळ झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला तिचे वजन कळले असावे.

महिपत म्हणत होते की उतार तर आहे, जरा जोर लावायला हवा. गोमाजीने शांतपणे विचारले, "साहेब, तुमी बसून बघता काय?"

मंजुळा पायरीच्या कडेवर सरकून बसली. महिपत थोडे लाजत खुर्चीत बसले. दोन हात वर गेले आणि सरसर खाली आले. गोमाजीने चाकाला पाय लावून त्यांना थांबवले. रतन हसला, पण महिपत हसले नाहीत. ते उठले, उताराकडे पाहिले आणि म्हणाले, "मी पायऱ्या मोजल्या. खुर्ची मोजलीच नाही."

"तुमी भरतीचा उतार केलाव," गोमाजी म्हणाला. "हितं ओहोटी हाय."

पायऱ्यांवर मला टाकायचे ठरले, पण माझ्या जागेवर स्कूटरी होत्या. सगळ्यांत आधी महिपतनी स्वतःची हलवली. मग रतनने बाकीच्या ढकलल्या. माझे एक टोक ओट्यावर, दुसरे पार रस्त्यापाशी. मंजुळा खुर्चीत बसली. गोमाजी मागे उभा राहिला, हात पुढे केले, आणि मग ते आपल्या पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

मित्रांनो, शाळेच्या त्या वर्षांत या दोन चाकांच्या मागे नेहमी दोन पावले असत. त्या दिवशी फक्त चाके आली. मध्ये ती दमून थांबली, तेव्हाही मागे पाऊल वाजले नाही. चाके पुन्हा फिरली. माझ्यावरून गेलेले ते सर्वांत हलके वजन होते, आणि सर्वांत भारीही.

आत साहेबांनी तोच प्रश्न विचारला, असे तिने परतताना टेंपोत सांगितले. ती म्हणाली होती, "आज आले तशी रोज येईन. खिडकीतून बघा, वाट तिथेच आहे."

तीन महिन्यांनी नेमणुकीचे पत्र आले. दरम्यान महिपतनी जुना उतार फोडला आणि बारा हातांचा नवा बांधला. सिमेंट ओतताना कडेला साचा म्हणून फळी लागते. त्यांनी ती विकत आणली नाही, मला मागून घेतले. म्हणून आज त्या उताराच्या कडेवर बोट फिरवले, तर सिमेंटमध्ये माझ्या लाकडाच्या रेषा लागतात. मी स्वतः शेजारच्या झाडाखाली विटांवर बाक होऊन पडले आहे.

एवढेच मागते, बाळांनो. कुणासाठी वाट बांधाल, तेव्हा आधी त्याच्या खुर्चीत बसून पाहा. मदतीला धावाल, तेव्हा आधी विचारा, आणि 'नको' म्हटले तर हात मागे घ्यायला शिका; ते उचलण्यापेक्षा अवघड असते. आणि उताराच्या तोंडाशी कधी स्कूटर लावू नका.

आजही एक लागली आहे. रतन ती हलवतो आहे, कारण साडेदहा वाजत आले आहेत आणि मला रस्त्यावरून ती चाके ऐकू येत आहेत.