डावीकडची ज्वारी

खडाच होता तो... पांढुरका, ज्वारीच्याच रंगाचा, परातीच्या पार डाव्या कडेला. आरिफला तो दिसेपर्यंत ज्वारी निवडणाऱ्या अम्मीचं बोट त्यावर पोचलंही होतं.

डावीकडं? मेंदूला झटका आल्यापासून अम्मीच्या जगाला डावी बाजूच उरली नव्हती. डोळे धड, पण मेंदू त्यांना तिकडं धाडतच नव्हता. आधी कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण घरात सगळे एकाच थाळ्यात जेवायचे, ज्यानं त्यानं आपल्या पुढ्यातलं खायचं—तिनं डावीकडचं सालन सोडलं तर अब्बा म्हणाले, आपल्यासाठीच ठेवते ती, पहिल्यापासून अशीच. आणि आपण? पुण्यात बसून कॉम्प्युटरला कुठं बघायचं ते शिकवणारे शहाणे! आपणही तिच्या वाटचे दोन घास हाणले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग त्यानं आपली विद्या घरात आणली. त्याचा प्रोग्राम चित्रात जे भडक, जे हलतं, त्याला जास्त गुण देतो आणि नजर तिकडं वळवतो. म्हणून थाळ्याच्या डाव्या कडेला लाल फीत, डाव्या मनगटात चमचमत्या बांगड्या, डावीकडच्या खिडकीत तुळजापूरच्या बाजारातली भिंगरी... अम्मी ढिम्म.

आणि आज हा खडा. ना रंग, ना चमक—माझ्या प्रोग्रामनं त्याला शून्य गुण दिले असते. पण तिला खडा हवा होता. अब्बांच्या दाताखाली तो येऊ नये, एवढ्या काळजीनं नजरेला कान धरून पलीकडं नेलं... हवं असणं यालाही वजन असतं, नजर त्यानंही वळते, हे आमच्या पुस्तकात होतं की, मी वाचलंही होतं. पण अरे शहाण्या, तिला काम कोण करू देत होतं? आज तिनंच धाकट्या बहिणीच्या, शाहिस्ताच्या हातून परात ओढून घेतली, म्हणून.

त्याला एकदम रडूच आलं, आणि फार हलकं वाटलं. एका खड्यानं काय ठरतं? डॉक्टर म्हणतील, हात चुकून लागला असेल. म्हणू देत.

तो उठला. इतके दिवस तिला आपण दिसावं म्हणून उजवीकडं बसायचा. आज दाराच्या बाजूनं जाऊन डावीकडं टेकला, लहानपणी लपून बसायचा तसा.

अम्मीनं मान वर केली नाही. ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "अंधेरा कायकू कर्रा रे? सरक उधर."

मला बघून म्हणाली, की परातीवरची सावली बघून... कोण जाणे. तो जरासा सरकला, डावीकडंच. आणि तिनं नक्की काय बघितलं ते आजच कळलं पाहिजे, असं काही त्याला वाटेना.