ओइवाची जागा

"बघ, परत तेच!" ओइवानं रायफलीचा बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला, घोडा दाबला आणि रिकामी 'खट्' ऐकून माझ्याकडे असं बघितलं, जणू काडतूस मीच खाल्लं.

काडतुसं बिनदारूची, नुसती तपासायची. पहिलं नीट चढायचं, दुसरं मॅगझीनमध्येच ठाण मांडून बसायचं. शनिवारी मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणाच्या, शिकारीचा मोसम सुरू होणार होता. पहिल्या गोळीला मूस पडला नाही तर दुसरी लगेच हवी. जखमी जनावर जंगलात हरवणं यापरती नामुष्की आमच्या गावात नाही.

गावातल्या सगळ्या रायफली जन्मभर माझ्या या नवऱ्यानंच दुरुस्त केल्या. त्यामुळे माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर तपास जोरात चालला होता. स्प्रिंग बदलून झाली. मॅगझीनच्या वाकड्या वाटणाऱ्या कडा सरळ झाल्या. काडतुसं दुसऱ्या कंपनीची आणली. बटाटे सोलायला मला खिडकीची कड उरली.

"सिल्वी, तू ओढून बघ."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"ओढायला काय कळावं लागतं? गाजर उपटतेस ना?"

मी हात पुसले आणि गाजर उपटावं तसा बोल्ट ओढला. एक, दोन, तीन, सगळी काडतुसं मुकाट चढली आणि टेबलावर येऊन पडली. मला आधी आनंदच झाला. मग मी त्याच्या उजव्या खांद्याकडे बघितलं. वसंतात लाकडं फोडल्यापासून तो हात पुरता मागे जात नव्हता. सौनात, वाफेच्या न्हाणीत, पाठ चोळायलाही तो डावा हात वापरायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बोल्ट पार शेवटपर्यंत मागे गेला नाही तर तो काडतुसावरून तसाच पुढे सरकतो. हे मला ठाऊक होतं, कारण "अर्ध्यातनं परत येऊ नकोस रे गाढवा" असं तो गिऱ्हाइकांवर ओरडायचा ते मी याच घरात ऐकलं होतं.

"परत कर," तो म्हणाला.

या वेळी मी मुद्दाम अर्धाच ओढला. खट्.

"बघ! रायफलच बिघडलीय," मी म्हणाले.

तो हसला. "अगं, लोकांचे हात बघण्यात जन्म गेला माझा. खोटं करायचं तर जरा नीट तरी करावं!"

त्यानं रायफल पुसली आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली. मी बटाटा परत हातात घेतला, पण मला रडू आलं. त्यानं माझ्या हातातला बटाटा घेतला आणि सोलायला लागला.

शनिवारी पहाटे आम्ही दोघं शिकारीच्या झोपडीत गेलो. मूसची वाट बघत कुणी कुठे बसायचं, त्या जागा टोळीचा म्होरक्या रेइयो वाटायला लागला.

"मला नको यंदा. मी सूप करतो," ओइवा म्हणाला.

"खारट केलंस तर बघ," रेइयो म्हणाला. कुणी कारण विचारलं नाही. दलदलीच्या कडेची ती जागा पिढ्यान्‌पिढ्या ओइवाच्या घराची. तिथे कोण बसणार, असं एका नव्या गड्यानं विचारलं.

"कुणी नाही," रेइयो म्हणाला.

दुपारी आम्ही दोघं चुलीपाशी होतो, तेव्हा वॉकीटॉकीवर रेइयोचा आवाज खरखरला. "मूस गेला. ओइवाच्या जागेवरून सरळ निघून गेला."

कुणी शिवी दिली नाही, कुणी हळहळलं नाही. ओइवानं ढवळणं थांबवून बटण दाबलं.

"मोठा होता?"

"मोठा होता, ओइवा."

"बरं," तो म्हणाला आणि सुपात मीठ घातलं.