धोंड्याचे चार टायर

टायर झिजले म्हणजे बदलायचे, एवढी साधी ती गोष्ट. जालन्यात रोज कितीतरी माणसं ती करतात आणि कुणाच्या घरात त्यावरून अबोला होत नाही. सोमेश्वरच्या घरात मात्र चार टायरांनी सव्वा महिना उच्छाद मांडला होता, आणि त्याला कारण खुद्द सोमेश्वर आहे, असं त्याच्या बायकोचं, दैवशालाचं, स्पष्ट मत होतं. "पोरीला स्थळ बघायला लोक इतका वेळ लावत न्हाईत, जितका तुम्ही टायरला लावून राह्यले," ती म्हणायची.

सोमेश्वर ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, म्हणून गडी आकड्यांत अडकलाय असं सगळ्यांना वाटायचं. खरं कारण आकडे नव्हते. खरं कारण होतं त्याचे वडील कचरूआबा, आणि ते तो कुणाला सांगत नव्हता. बायकोलासुद्धा नाही. सांगायला गेलं की पन्नाशीला आलेल्या माणसाच्या तोंडी ते फार पोरकट वाटायचं.

आबांनी एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये सव्वीस वर्षं काढली. तापून लाल झालेल्या सळया मशिनीतून बाहेर पडायच्या तो खणखणाट त्यांच्या कानांनी सव्वीस वर्षं सोसला आणि मग हळूहळू ऐकायचं कामच सोडून दिलं. आता शहात्तराव्या वर्षी आबांच्या कानात ऐकायची मशीन होती. पण त्या मशिनीला आपलं-परकं कळत नाही. ती माणसाचा आवाज मोठा करते तसा मिक्सरचाही करते, कुकरच्या शिट्टीचाही करते आणि गल्लीतल्या स्पीकरचाही करते. घरात आबा ती काढून डबीत ठेवायचे आणि दिवसचे दिवस गप्प बसायचे.

दोन वर्षांपूर्वी सोमेश्वरने विजेवरची गाडी घेतली ती खर्च वाचावा म्हणून. दर रविवारी बापलेक त्या गाडीतून धावड्याला शेताकडे जायचे. दैवशालाचा रविवार घरकामात जायचा, त्यामुळे ती कधी बरोबर नसायची. पहिल्याच रविवारी राजूर मागे पडलं आणि शेजारच्या सीटवर बसलेले आबा, काचेबाहेर बघत, सहज बोलावं तसं बोलले, "ह्या वळणावर तुझी आई एसटीतून उतरून बसल्ती. माझ्यावर रुसून."

सोमेश्वरचा पाय ब्रेकवर जाता जाता राहिला. त्याची आई, सुरेखा, तो चार वर्षांचा असताना गेली. तिचा एक फोटो घरात होता. आबांनी तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता; विचारलं की "काय सांगायचं त्याच्यात" म्हणून उठून जायचे. आणि आता, काचा बंद, इंजिनाचा आवाज नाही, कानात मशीन नीट बसलेली, बाहेर ओळखीची शिवारं सरकत चाललेली, अशा त्या गाडीत माणूस आपसूक बोलायला लागला होता. सोमेश्वरने हळूच विचारलं, "का रुसल्ती?" आबांना ते ऐकू गेलं. हळू विचारलेलं ऐकू गेलं.

तेव्हापासून दर रविवारी एखादी गोष्ट मिळायची. तिने धावड्याच्या खळ्यात आबांच्या सायकलवर सायकल शिकताना पुढचा दिवा फोडला आणि खापर शेळीवर फोडलं, ही एक. सोमेश्वर हे नाव तिनेच सगळ्यांशी भांडून ठेवलं, ही दुसरी. एका वेळी एकच. जास्त विचारलं की आबा बंद पडायचे, म्हणून सोमेश्वर घाई करायचा नाही. त्याला वाटायचं, पुष्कळ रविवार आहेत.

मग टायर झिजले. झिजला की टायर आवाज करायला लागतो, आणि या गाडीत तो लपवायला इंजीनही नाही. खालून अशी काही घरघर यायला लागली की आबा सारखे कानाशी हात न्यायचे. तेव्हापासून एकाही रविवारी गोष्ट मिळाली नव्हती.

म्हणून सोमेश्वर टायर शोधायला लागला आणि त्याच्या डोक्याला ताप झाला. त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या. टायर आवाज न करणारा हवा आणि हलका पळणारा हवा, कारण धावड्याला जाऊन-येऊन एकाच चार्जिंगमध्ये भागवावं लागायचं, वाटेत भरवशाचा चार्जर नव्हता. नव्या जालन्यातल्या भुजंगच्या टायरच्या दुकानात त्याने हे सांगितलं तेव्हा भुजंग त्याच्याकडे बघतच राहिला.

"सर, आवाज टायरचा नसतोय, रोडचा असतोय," भुजंग म्हणाला. "हे बघा, हे घ्या. नक्षी बघा केवढी खोल. काळ्या मातीत बी फसणार न्हाई."

"मला मातीत घालायचीच नाही गाडी. मला आवाज नको."

"मंग गाणे लावा की."

दुसऱ्या दुकानात त्याला विचारलं, किती हजार किलोमीटर चालला पाहिजे ते बोला. तिसऱ्याने तर विजेच्या गाडीचा टायर वेगळा असतो हे ऐकून शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, दोघं मिळून हसले आणि सोमेश्वरला चहा पाजला. चहा चांगला होता. संताप त्यामुळे कमी झाला नाही. गाडीच्या कंपनीला फोन केला तर मूळचे टायर दोन महिने येणार नाहीत असं कळलं. मग त्याने स्वतःच शोधायला घेतलं. कोणता टायर किती डेसिबल आवाज करतो, फ्रीजवर असतात तसे स्टार कोणत्या टायरला किती, कुणी वापरून काय लिहिलंय, सगळं त्याने वहीत उतरवलं. शेवटी एक टायर सापडला. संभाजीनगरच्या एका दुकानदाराने चार नग बाजूला ठेवतो, बुधवारी या, असं कबूल केलं. सव्वा महिन्यात पहिल्यांदा सोमेश्वर शांत झोपला.

पण बुधवारच्या आधी रविवार होता, आणि महिना धोंड्याचा होता.

तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलावून पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. केदारखेड्याच्या सासऱ्यांनी, मच्छिंद्ररावांनी, लेकीला फोन करून विचारलं होतं की जावईपाहुण्यांना अंगठी करावी का. दैवशाला टायरच्या नावाने आधीच वैतागलेली, ती म्हणाली, "बाबा, अंगठी राहू द्या, टायर द्या. एकदाचं मिटू द्या." आणि तिने टायरवरच्या आकड्यांचा फोटो पाठवून दिला. संभाजीनगरचं ठरलं तेव्हा हे आपण बोलून बसलोय, याची तिला आठवणही राहिली नाही.

रविवारी तिघं केदारखेड्याला गेले. व्याही म्हणून आबांनाही मानाने बोलावलं होतं. दारातच मेव्हण्याने, कल्याणने, किल्ली मागितली. "दाजी, गाडी सावलीला लावतो," म्हणाला. सोमेश्वरने दिली. कोण नाही म्हणणार? पाय धुणं, ओवाळणं, मग सासूबाई नंदाबाईंनी वाढलेले धोंडे, वर तुपाची धार, आणखी एक, आमच्या हातचा एक, असं दोन तास चाललं. सोमेश्वर जड पोटाने अंगणात आला तेव्हा कल्याण नुकताच गाडी घेऊन आत शिरत होता.

गाडी फाटकातून येताना तिचा आवाज आला. गाडीचा आवाज आला हीच भानगड होती.

चारही टायर नवे होते. खोल, रुंद, चौकोनी गठ्ठ्यांची नक्षी, कडेला ढालीसारखे उंचवटे. डोंगरात जीप चढवायला घालतात तसले. नंदाबाईंनी लगबगीने येऊन चारीही टायरांना हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, आणि मच्छिंद्ररावांनी वाकून एका टायरवर थाप मारली.

"भोकरदनला सगळ्यात भारी हाच व्हता," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद होता की सोमेश्वरला त्याच्याकडे बघवेना. "लेकरं दर रविवारी असल्या रोडनं जातेत, हलकं कशाला घ्यायचं? पाच वर्षं ह्याला बघायचं काम न्हाई, पाहुणे."

"जुने कुठं आहेत?" सोमेश्वरने विचारलं.

"दुकानावरच सोडून आलो, दाजी. काय करायचे ते टकले," कल्याण म्हणाला.

सोमेश्वर हसला. जावयाने वाण घेताना जसं हसायचं असतं तसंच हसला, सासूसासऱ्यांच्या पाया पडला, आणि आतून त्याला भयंकर राग आला होता. राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. सासऱ्यांनी प्रेमाने दिलं होतं. बायकोने वैतागून का होईना, त्याच्याच कामासाठी सांगितलं होतं. गाडीत बसताना दैवशाला त्याच्या कानाशी पुटपुटली, "माझ्याकडून चुकलं. पण आता टायरला हात लावायचा न्हाई. वाण वापस दिलं तर बाबा पुन्हा तोंड वर करून बघणार न्हाईत."

गाडी जालन्याच्या रस्त्याला लागली. तीसच्या पुढे गुणगुण सुरू झाली, पन्नासला तिची घरघर झाली आणि सत्तरला खालून गिरणी चालल्यासारखं व्हायला लागलं. समोरच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर भराभर उतरत होते. तिकडे मात्र सोमेश्वरचं लक्ष नव्हतं. तो आबांकडे बघत होता. आबांनी कानाशी हात नेला, मशीन जरा फिरवली, पुन्हा फिरवली, मग काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"आबा, लावा ना ती," सोमेश्वरने खूण करून सांगितलं.

"लावलं की डोस्क्यात मिल चालू होऊन राह्यली," आबा म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसासारखे मोठ्याने बोलले. "टायर लई मजबूत दिले हं तुझ्या सासऱ्यानं. काढू-बिढू नको. माणसाचा मान असतोय." मग थोडं थांबून, बाहेर बघत, "माझं बी तसं सांगून झालंय."

सोमेश्वरला वाटलं कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकललं. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळत होतं. गाडी कशासाठी, टायर कशासाठी, सव्वा महिना कशासाठी.

"माझं ऐकून झालं न्हाई, आबा," तो बोलला, आणि घरघरीच्या वर जायला त्याला ओरडावं लागलं. "तिचा आवाज कसा होता ते बी तुम्ही अजून सांगितलं न्हाई. पाच वर्षं हे टायर झिजणार न्हाईत, आबा. पाच वर्षं."

आबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतो?"

तेच पुन्हा, त्याहून मोठ्याने, ओरडून सांगायचं धाडस त्याला झालं नाही. त्याने हातानेच काही नाही असं दाखवलं आणि रस्त्याकडे बघायला लागला. डोळे भरून आले होते, त्याचाही त्याला रागच आला.

"कुणाचा आवाज?" मागच्या सीटवरून दैवशालाने विचारलं.

त्याने सांगितलं, तुटक तुटक, मागे न बघता. राजूरचं वळण, सायकल, शेळी, नाव. दर रविवारी एक. आता सहा रविवार झाले, काहीच नाही.

"मला कधीच बोलले न्हाईत तुम्ही," दैवशाला म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

एका लिंबाखाली त्याने गाडी थांबवली. ती उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि उन्हातच उभं राहून फोन लावला. काच उघडी होती.

"बाबा, आम्ही वापस येऊन राह्यलो. टायर काढावे लागतील, बुधवारपर्यंत जुनेच घालू." पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. ती पायाने माती उकरत ऐकत राहिली. "न्हाई, ह्यांनी काहीच म्हटलं न्हाई. ते मेले तरी म्हणणार न्हाईत. वाण वापस देत नसतेत, मला माहीत हाय. जावई देऊन न्हाई राह्यला, बाबा, लेक देऊन राह्यली." पुन्हा तिकडचं बोलणं. "टायर चांगलेच हायेत. त्याच्यात खोट न्हाई. पण आबा ह्या गाडीत आमच्या सासूबाईंचं सांगत असतेत. एकवीस वर्षं झाली मला ह्या घरात, मला त्यांचं नुसतं नाव माहीत हाय. मला बी ऐकायचंय."